तू येण्याआधीची वही

वही उघडून लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. 'तू आलास' लिहायचं की 'आलीस'? मराठी क्रियापद समोरच्याचं लिंग विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि पोटातल्या बाळाचं ते ठाऊक नसतं. शेवटी तान्ह्या बाळाशी आपण बोलतो तेच रूप उचललं. 'आलंस', 'हललंस', 'झोपलंस'. 'लाथ मारलीस' आणि 'उचकी लागली' ही वाक्यं तर कोणालाही चालतात. सगळी वही याच भाषेत आहे.

मुलाला पुढे कधीतरी हातात देता यावी म्हणून गरोदरपणाची नोंद कशी ठेवली, कुठे फसलं आणि कुठल्या आठवड्यात काय टिपायला हवं, ते इथे क्रमानं लिहिते आहे. ज्यांचे दिवस नुकतेच सुरू झालेत त्यांना फाईल, तपासण्या आणि वाट बघणं यांचाही अंदाज येईल. एक गोष्ट आधीच सांगते. 'हे काय विसरायचं असतं का' असं नऊ महिने वाटत राहतं, आणि बाळंतपणानंतर झोपेचे तुकडे पडायला लागले की सगळे महिने एकमेकांत कालवले जातात. पहिली हालचाल १८व्या आठवड्यातली की २०व्या, हे महिनाभरानं छातीठोकपणे सांगता येत नाही. त्याच दिवशी लिहिलेली एक ओळ नंतर आठवून लिहिलेल्या पानाहून खरी असते.

वही शिवलेल्या बांधणीची घ्यावी. स्पायरलची पानं वर्षांनुवर्षं उघडझाक झाली की भोकाशी फाटतात. काही जेल पेनांची शाई पाण्याच्या एका थेंबानं पसरते. साधं बॉलपेन बरं, आणि पेन्सिल त्याहून बरी, कारण ग्रॅफाइट उजेडानं फिकं पडत नाही. प्रत्येक आठवड्याला समोरासमोरची दोन पानं दिली. डावीकडे आकडे, उजवीकडे गोष्टी. पाठीमागच्या पुठ्ठ्याला आतून एक मोठं कागदी पाकीट चिकटवलं. प्रत्येक नोंदीवर तारीख, आठवडा आणि दिवस (१२+३ म्हणजे १२ आठवडे पूर्ण होऊन ३ दिवस), आणि ती गोष्ट कुठून कळली हे लिहायचं: रिपोर्टवरून, डॉक्टरांच्या तोंडून, की स्वतःला जाणवलं म्हणून. हे शेवटचं सुरुवातीला सोडून दिलं होतं. पुढे स्वतःचीच नोंद वाचताना कळेना की हे नक्की कोणी सांगितलं होतं.

आता आठवड्यांचं गणित, कारण इथे जवळपास प्रत्येकजण गोंधळतो. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत बाळ नसतंच. पाळी चुकून पट्टीवर दोन रेघा उमटतात तेव्हा कागदोपत्री चार-पाच आठवडे झालेले असतात. एकूण हिशेब २८० दिवसांचा, म्हणजे ४० आठवड्यांचा. घरच्या घरी काढायचं तर तारखेत ७ दिवस मिळवायचे आणि ३ महिने मागे जायचं. शेवटची पाळी १० जानेवारीला आली असेल तर बाळंतपणाची अंदाजे तारीख १७ ऑक्टोबर. जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावानं ओळखला जाणारा हा नियम २८ दिवसांची पाळी धरून चालतो. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर निघणारी तारीख आठवडाभर अलीकडची असते. त्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. म्हणून वहीत 'तुझी तारीख' न लिहिता 'डॉक्टरांनी दिलेली तारीख' लिहिलं.

वहीतलं पहिलं पान असं आहे: "पहिले दोन आठवडे तू नव्हतंसच, तरी तुझ्या नावावर लागलेत. पण दुसऱ्या हिशेबानं तुझी अर्धी सुरुवात फार जुनी आहे. ज्या बीजातून तू झालंस ते, मी माझ्या आईच्या पोटात होते तेव्हाच माझ्या आत तयार झालं होतं. मुलीचा गर्भ २० आठवड्यांचा असताना त्याच्यात ६० ते ७० लाख बीजं असतात. त्यातलं एक तू."

लघवीची पट्टी वहीत चिकटवू नका. तिच्यावरची रेघ काही दिवसांत फिकट होते किंवा बदलते, शिवाय ती शेवटी लघवीत भिजलेली वस्तू आहे. पाकिटावर दिलेल्या वेळेतच तिचा फोटो काढायचा. तासाभरानं दिसणाऱ्या पुसट रेघेला काही अर्थ नसतो, ती सुकल्याची खूण असू शकते. फॉलिक अॅसिड सुरू केल्याची तारीख मात्र जरूर लिहा. रोजची नेहमीची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम, शक्यतो दिवस राहण्याच्या आधीपासून. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी पाळीच्या हिशेबानं सहाव्या आठवड्याच्या सुमारासच बंद होते, आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं.

पहिल्या भेटीत फाईल बनते. नाव, वय, रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख, आधीची बाळंतपणं आणि गर्भपात, घरातला मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड. रक्त आणि लघवीच्या तपासण्या साधारण एकाच वेळी होतात: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, कावीळ बी, एचआयव्ही, सिफिलिस. फाईलवरचं नाव ओळखपत्रावर आहे त्याच स्पेलिंगनं आहे ना, हे तिथल्या तिथे बघा. पुढचे सगळे कागद, अगदी जन्मनोंदणीचा अर्जसुद्धा, याच नावावरून उतरवले जातात. एका अक्षराची चूक नऊ महिने फाईलभर फिरते आणि बाळाच्या दाखल्यावर जाऊन बसते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो पहिल्या पानावर ठळक लिहावा. बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर साधारण २८व्या आठवड्यात अँटी-डीचं (आईच्या रक्ताला बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनवू न देणारं) इंजेक्शन लागतं, आणि बाळही पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा.

मग पहिली सोनोग्राफी. घाई केली तर पाचव्या आठवड्यात नुसती पिशवी दिसते. सहाव्यात हृदयाचा ठोका कधी दिसतो, कधी नाही. दिसला नाही तर बहुतेक वेळा '१० ते १४ दिवसांनी परत या' एवढंच सांगतात. सगळ्या गरोदरपणात याहून लांब वाट दुसरी नाही. पोट दिसत नसतं, कोणाला सांगितलेलं नसतं, आणि करण्यासारखं काहीच नसतं. या दिवसांच्या नोंदी गाळायचा मोह होतो. मी तारखा घातल्या आणि पुढे एकच ओळ लिहिली: "आज काही कळलं नाही." अशा ओळी लागोपाठ आल्या की वाट बघणं म्हणजे काय हे वाचणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. सुरुवातीला थोडं रक्त अंगावर जाणं बऱ्याच जणींना होतं आणि अनेकदा निभावतंही, पण ते घरी बसून ठरवायचं नसतं. फोन करायचा. किती वाजता, रंग कसा, पोटात दुखलं का, हे लिहून ठेवलं असलं की डॉक्टरांच्या प्रश्नांना धड उत्तरं देता येतात.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर सीआरएल असा शब्द असतो. डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, मिलिमीटरमध्ये. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वय ठरवायला याहून चांगलं माप नाही. पाळीवरून काढलेल्या वयात आणि यात साधारण ५ ते ७ दिवसांपेक्षा जास्त फरक निघाला तर तारीख बदलतात. बदलली तर जुनी खोडू नका. दोन्ही ठेवा आणि कुठल्या दिवशी का बदलली ते लिहा, कारण नंतरच्या रिपोर्टांत कधी एक, कधी दुसरी तारीख डोकावते आणि आपण उगाच घाबरतो.

'बाळ आता अमुक फळाएवढं' ही तुलना मला पटली नाही. फळं लहानमोठी असतात. त्यापेक्षा पट्टीनं खऱ्या मापाची रेघ ओढली. आठव्या आठवड्यात सुमारे १६ मिलिमीटर, दहाव्यात ३२, बाराव्यात साधारण ५५. रेघेखाली लिहिलं, "आज तू एवढंच." मूल वाचायला लागल्यावर त्या रेघेवर बोट ठेवून बघू शकतं. एक खोच आहे. बऱ्याच तक्त्यांत २०व्या आठवड्यापासून डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी देतात, त्यामुळे १९व्या आठवड्याचं १५-१६ सेंटिमीटरचं बाळ २०व्यात अचानक २५ सेंटिमीटरचं होतं. बाळ वाढलेलं नसतं, माप बदललेलं असतं. रेघ पानाबाहेर जायला लागली तेव्हा ५० सेंटिमीटरचा दोरा कापून पाकिटात ठेवला. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण तेवढं लांब असतं. नाळही साधारण तेवढीच.

सोनोग्राफीच्या छापील चित्रांबद्दल जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. ती छोटी गुळगुळीत चित्रं उष्णतेनं छापलेली असतात, शाई नसतेच. उन्हात ठेवली, गाडीत तापली, घामट हात लागले की फिकट होतात. प्लास्टिकच्या मऊ पारदर्शक खिशात ठेवली तर त्या प्लास्टिकमधली रसायनंही ती हळूहळू खातात. सॅनिटायझरचा हात लागला तर डाग पडतात. आणि जपायचं म्हणून लॅमिनेट करायला दिली तर मशीनच्या उष्णतेनं सबंध चित्र काळंठिक्कर होतं. त्याच दिवशी स्कॅन करावं किंवा दिवसाउजेडी सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून फोटो काढावा. मूळ प्रत कागदी पाकिटात, अंधारात. वहीत चिकटवायची ती स्कॅनची साध्या कागदावरची छपाई. तपासणीची फाईल सीडी किंवा पेनड्राइव्हवर मिळते का, तेही त्याच दिवशी विचारावं. चित्राच्या कोपऱ्यात आपलं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, तेव्हा कुठेही पाठवताना तेवढा भाग कापावा. इयान डोनाल्ड आणि त्यांच्या ग्लासगोमधल्या सहकाऱ्यांनी पोटातल्या बाळाच्या अशा चित्रांवरचा पहिला निबंध १९५८ साली छापला. त्याआधीच्या आयांनी बाळ पाहिलं ते बहुधा थेट जन्मल्यावर.

मळमळीबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. नवव्या-दहाव्या आठवड्यात बहुधा शिगेला पोचते, १६व्यापर्यंत बऱ्याच जणींची थांबते, आणि सकाळचीच असते हे खोटं. प्यायलेलं पाणीही राहत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल किंवा वजन उतरत असेल तर सलाईन लागू शकतं, ते सहन करत बसायचं प्रकरण नाही. डोहाळ्यांची नोंद मात्र करा. मुलांना आकड्यांपेक्षा या ओळी जास्त आवडणार आहेत याची खात्री बाळगा.

११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान दुसरी सोनोग्राफी आणि सोबत रक्ताची तपासणी असते. मानेमागच्या पाण्याची जाडी, नाकाचं हाड आणि रक्तातले घटक मिळून डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषाच्या जोखमीचा आकडा येतो, '१ छेद अमुक' असा. हे निदान नसतं. १ छेद २५० म्हणजे अशाच २५० गरोदरपणांत एका बाळाला तो दोष असण्याची शक्यता. उरलेल्या २४९ बाळांना तो नसतो. हा आकडा वहीत उतरवताना मी तो असा फोडून लिहिला, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला तो उगाच भेडसावेल.

१८ ते २२ आठवड्यांची सोनोग्राफी सगळ्यात तपशीलवार. मेंदू, ओठ, मणका, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं, हातपाय, वार (प्लॅसेंटा) कुठे आहे, बाळाभोवती पाणी किती. अर्धा तास सहज जातो. बाळ पाठमोरं असेल तर चालून या, कुशीवर वळा, थोड्या वेळानं पुन्हा बघू, असं होतं. त्या दिवशी सोबत कोणी असावं आणि दुसरं काम ठेवू नये. रिपोर्टवर 'वार खाली आहे' असं आलं तर लगेच धसका घेऊ नका. गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वार वर सरकते, आणि ३२व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा बघतात. तोवर रक्त गेलं तर मात्र तडक दवाखाना.

पहिली हालचाल याच सुमारास जाणवते. पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांत, आधी बाळंतपण झालेलीला बरेचदा १६व्यातच. वार पुढच्या बाजूला असेल तर उशी मध्ये ठेवल्यासारखं होतं आणि उशिरा कळतं. पहिल्यांदा ती हालचाल आहे की पोटात वायू फिरतोय, हे सांगताच येत नाही. म्हणून वहीत 'पहिली हालचाल' या नावाखाली तीन वेगवेगळ्या तारखा आहेत आणि पहिल्या दोनांपुढे प्रश्नचिन्ह. "तिसऱ्यांदा मात्र तूच होतंस. आतून कोणी टिचकी मारावी तसं, दोनदा, एकाच जागी." बाहेरून हात ठेवणाऱ्याला ते जाणवायला आणखी काही आठवडे जातात. ती तारीख वेगळी लिहा. ती त्या माणसाची आठवण आहे, जमल्यास त्याच्याच अक्षरात असू द्या.

२४ ते २८ आठवड्यांत साखरेची चाचणी. उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, मग एक आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. हे पाणी नको इतकं गोड असतं. पाच मिनिटांत सावकाश प्यावं, मधल्या वेळात खाऊ नये, फार फिरू नये. उलटी झाली तर चाचणी बाद आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. सोबत वाचायला काही आणि संपल्यावर खायला डबा न्यावा. आकडे एककांसकट लिहा. हे आईच्या आठवणींच्या वहीत कशाला, असं वाटेल. पण गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर आईला पुढे त्याचा धोका जास्त राहतो आणि मुलालाही. रक्तदाब वाढला असेल तर मुलीला तिच्या बाळंतपणात डॉक्टर हेच विचारतील: 'आईला होता का?' तेव्हा उत्तर द्यायला आपण जवळ असूच असं नाही. डाव्या पानांचा खरा उपयोग तिथे आहे.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, पोट घट्ट होतं. चहा-कॉफीपासून आणि कॅल्शियमच्या गोळीपासून त्या लांब ठेवाव्या, सोबत क जीवनसत्त्व असलं तर लोह नीट शोषलं जातं.

२५-२६ आठवड्यांपासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं, आणि जन्मल्यावर आईचा आवाज ओळखतं. म्हणून या टप्प्यावर वही मोठ्यानं वाचायला लागले. पोटाशी हेडफोन लावायची गरज नसते, आईचा आवाज तिच्या शरीरातूनच पोचतो. तपासणीच्या वेळी डॉक्टरांची परवानगी घेऊन फोनवर बाळाच्या ठोक्यांचा आवाज टिपता येतो. ३० सेकंद पुरतात. फाईलला तारीख आणि आठवडा असं नाव द्या आणि ती दोन ठिकाणी ठेवा. निव्वळ निरोपांच्या ॲपमध्ये राहिलेल्या गोष्टी फोन बदलला की जातात. ठोके नवव्या आठवड्यात मिनिटाला १७० च्या आसपास असतात, पुढे ११० ते १६०. ठोके ऐकायचं घरगुती यंत्र घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आईचीच नाडी किंवा वारेतल्या रक्ताचा आवाज बाळाचा समजून बाई निश्चिंत होते आणि जायला हवं तेव्हा जात नाही. निव्वळ हौसेसाठी केलेल्या त्रिमितीय सोनोग्राफीचंही तसंच. वैद्यकीय कारण नसताना ती करू नये, आणि चेहऱ्यापुढे हात धरलेल्या बाळाचं चित्र कितीही पैसे दिले तरी चांगलं येत नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत वहीचं रूप बदलतं. २८व्या आठवड्यानंतर हालचाली मोजायच्या. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून १० हालचाली होईपर्यंतची वेळ लिहायची, दोन तासांत त्या व्हायला हव्यात. तालात येणारी उचकी मोजायची नाही. आकड्यापेक्षा आपल्या बाळाची सवय महत्त्वाची. "तू रात्री जागं आणि सकाळी गाढ, हे या तक्त्यावरून कळलं." शेवटी शेवटी जागा उरत नाही म्हणून बाळ कमी हलतं, हे ऐकून गप्प बसू नका. हालचालींची जात बदलते, वळवळ जास्त आणि लाथा कमी होतात, पण हालचाली कमी होत नाहीत. कमी वाटल्या तर त्याच दिवशी, त्याच रात्री जाऊन तपासायचं. दहा वेळा उगाच गेलं तरी चालतं. तसंच न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज. ही रक्तदाबाची लक्षणं आहेत, ती वहीत नंतर लिहावीत, फोन आधी.

पोटावर टेप लावून मोजतात ती उंची २४व्या आठवड्यानंतर साधारण आठवड्यांच्या आकड्याइतकीच सेंटिमीटर येते, दोन इकडे-तिकडे. रिपोर्टवरचं बाळाचं वजन मात्र अंदाज असतो, दहा-पंधरा टक्के चुकतो. ३ किलो लिहिलेलं बाळ २७०० ग्रॅमचं निघतं आणि ३३०० चंही. २८व्या आठवड्यात चारांपैकी एखादं बाळ पायाळू असतं. दिवस भरेपर्यंत त्यातली बहुतेक फिरतात, शंभरात तीन-चार उरतात. मधूनच पोट दगडासारखं घट्ट होऊन सैल होतं त्या खोट्या कळा. जॉन ब्रॅक्सटन हिक्स या डॉक्टरांनी १८७२ साली त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांच्याच नावानं ओळखल्या जातात. पाणी प्यायलं, कूस बदलली की त्या विरतात.

३६व्या आठवड्यापर्यंत कागदांची एक थैली तयार ठेवावी, कपड्यांच्या पिशवीपासून वेगळी. मूळ फाईल, रक्तगटाचा कागद, सगळ्या सोनोग्राफ्या तारखेच्या क्रमानं, ओळखपत्रं आणि त्यांच्या प्रती, विम्याचे कागद, ॲलर्जी आणि चालू औषधांची एका पानाची यादी. प्रसूती, भूल, सिझेरियन आणि रक्त देणं यांची संमतिपत्रं कळा सुरू असताना वाचता येत नाहीत. ती आधी मागून घरी वाचावीत आणि शंका पेन्सिलीनं कडेला लिहाव्यात. खर्चाचा अंदाज विचारताना नैसर्गिक प्रसूती, सिझेरियन आणि बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं तर रोजचा दर, असे तीन आकडे लेखी मागावेत. तिसरा विचारायला कोणी धजत नाही.

कळांच्या दिवशी वही दुसऱ्याच्या हातात द्यायची. हे आधी ठरलेलं असावं आणि त्या माणसाला मोजणी माहीत असावी. कळ सुरू झाल्यापासून पुढची कळ सुरू होईपर्यंतचं अंतर मोजायचं. बरेच जण कळ संपल्यापासून मोजतात आणि अंतर आहे त्यापेक्षा कमी निघतं. कळ किती सेकंद टिकली ते वेगळ्या रकान्यात. पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं, लांब राहणाऱ्यांनी त्याआधी. पाणी गेलं तर वेळ आणि रंग लिहायचा. हिरवट किंवा रक्ताळ असेल तर कळांची वाट बघायची नाही. गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा टप्पा पहिलटकरणीत फार लांबतो, कधी दिवसभराहूनही जास्त, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. पुढचे ५ सेंटिमीटर बरेचदा त्याहून लवकर होतात.

जन्माच्या क्षणी कोणाला लिहायचं सुचत नाही, म्हणून रकाने आधीच आखून ठेवले होते: वेळ, वजन ग्रॅममध्ये, लांबी, डोक्याचा घेर, नाळ किती वेळानं कापली, पहिल्यांदा दूध कधी ओढलं. नाळ निदान एक मिनिट थांबून कापावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तसं हवं असेल तर आधी बोलून ठेवावं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची तब्येत सांगणारे अपगारचे दोन आकडे विचारून घ्या, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचे. रंग, ठोके, प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास यांना प्रत्येकी दोनपैकी गुण, अशी ही रीत व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली मांडली. पहिल्या मिनिटाला १० पैकी १० क्वचित पडतात, कारण हातपाय निळसरच असतात. ते हुशारीचे गुण नव्हेत, हे पानावरच लिहून टाका. वार बघायची असेल तर मागावी लागते. अर्धा किलोच्या आसपास वजन, एका अंगाला झाडाच्या फांद्यांसारख्या शिरा.

दवाखान्यातून निघताना जन्मनोंदणीच्या अर्जातलं प्रत्येक अक्षर स्वतः वाचून मगच सही करा. नंतर दुरुस्त करता येतं, पण चकरा होतात. मनगटाची पट्टी कापताना नावाच्या मधोमध कापू नये. पावलाचा ठसा घेण्यासाठी बाळांच्या त्वचेला चालणारी शाई वापरावी, बाळ झोपेत असताना, कागद पावलावर टेकवून. पाऊल कागदावर आणायला गेलं की बोटं मुडपतात आणि ठसा फिसकटतो. नाळेचा तुकडा एक ते तीन आठवड्यांत गळतो. ओला असताना वहीत गेला तर बुरशी धरते.

पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोनेक आठवड्यांत भरून येतं. आईला तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कारण नसताना रडू येतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना सांगायचं. बाळंतपणाची गोष्ट पहिल्या दहा दिवसांतच बोलून टिपली. लिहायला हात मोकळा नसतो, म्हणून फोनवर तुकड्या-तुकड्यांनी रेकॉर्ड केली आणि नंतर उतरवली. सोबत असलेल्या माणसाची गोष्ट स्वतंत्र घेतली. दोन्ही जुळत नाहीत. जुळवायच्या नाहीत.

भीती, चिडचिड, 'हे सगळं नको' असं वाटलेले दिवस ठेवावेत का, यावर बरेच दिवस अडले होते. ठेवले, पण वेगळ्या कागदांवर, बंद पाकिटात, वर 'मोठं झाल्यावर' एवढंच लिहून. उरलेली वही पाच-सहा वर्षांच्या मुलाला रेघा आणि दोरा दाखवत वाचता येते, दहाव्या-बाराव्या वर्षी आकड्यांसकट. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात वर्षानुवर्षं राहतात, १९९६ सालच्या एका संशोधनात त्या बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही सापडल्या. ही नोंद असलेलं पान दोरा ठेवलेल्या पाकिटाच्या शेजारी चिकटवलं आहे.

जन्मवेळेच्या रकान्याखाली एक ओळ आहे. तोवर क्रियापदाचं लिंग कळलेलं होतं, बदलायला हरकत नव्हती. सवयीनं पेन्सिलीनं लिहिलं गेलं, "आलंस." ते तसंच ठेवलं.